कडक भाकरी आणि काळा कोट

माझ्या अंगात एकच कला आहे: कुणाच्या नजरेत न येणं. बढाई समजा हवं तर, पण या बाबतीत सोलापुरात माझा हात धरणारा कुणी नाही. मी सगळी नोकरी ग्रंथालयात केली. वाचक यायचे, पुस्तक घेऊन जायचे आणि दारातून बाहेर पडताना एकमेकांना विचारायचे, "आज ग्रंथपाल आले नव्हते का?" मी निवृत्त झालो त्या दिवशी पाहुण्यांनी माझा हार आमच्या शिपायाच्या गळ्यात घातला. शिपाई सज्जन, त्यानं तो नंतर मला आणून दिला. पण तोवर फोटो निघून गेला होता. त्या फोटोत मी आहे. कपाटामागून माझा एक कान दिसतो.

म्हणून सून जेव्हा म्हणाली, "मामा, तुम्हीच त्या बारमध्ये जाऊन बघून या, कुणाला कळणारसुद्धा नाही," तेव्हा मला वाटलं, खरंच की. या कामाला माझ्याइतका लायक माणूस नाही.

कुठला बार आणि कशाला, ते आधी सांगतो.

माझी नात शिवानी दिवसा एका दवाखान्यातल्या औषधाच्या दुकानात बसते. म्हाताऱ्यांना 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' यांतला फरक न कंटाळता समजावून सांगते. आवाज असा मऊ, की निम्मे म्हातारे तो पुन्हा ऐकायला म्हणून चिठ्ठी पुन्हा पुढं करतात. हीच मुलगी रविवारी संध्याकाळी 'कडक भाकरी' नावाच्या बँडमध्ये असते. "गाते," असं मी एकदा म्हणालो, तर तिनंच मला दुरुस्त केलं.

"अज्जा, गाणं नाही हो ते. मेटल आहे. थोडं पंक. त्यात ओरडतात."

"का पण?"

"बरं वाटतं," ती म्हणाली. बरं वाटण्यासाठी मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. कुणी मला 'का पण' म्हणून विचारलं नव्हतं.

चंद्रिकेला, म्हणजे माझ्या सुनेला, हे महिला मंडळात कळलं. एकीनं मोबाइल पुढं केला. त्यात शिवानी, काळा टी-शर्ट, आणि घशाच्या डॉक्टरसमोर उघडावं तसं उघडलेलं तोंड. चंद्रिका त्या दिवशी मंडळातला प्रसादसुद्धा न घेता घरी आली.

"बारमध्ये जाऊन ओरडते ही. उद्या कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर काय सांगू? किंचाळते म्हणून सांगू? आपल्या खानदानात असा आवाज कुणाचा तरी आहे का?"

"आई, एकदा ऐकायला तर ये."

"मी तिथं पाऊल ठेवणार नाही. मामा जातील. मामा म्हणतील ते शेवटचं. ते नको म्हणाले की तुझा माइक बंद. आहे कबूल?"

शिवानीनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "कबूल. अज्जा म्हणतील ते."

मला कबूल आहे का, हे कुणी विचारलं नाही. माझा मुलगा अनिलकुमार नोकरीनिमित्त हैदराबादला असतो. त्याला फोन लावला तर "अप्पा सांगतील तसं करा" एवढं बोलून त्याची रेंज गेली. अशा वेळी त्याची रेंज नेहमी जाते. वडिलांची कला मुलाकडं उतरली आहे.

हे बोलणं तिथंच तुटलं, कारण नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, वेळेचा नेम नाही, आणि आल्याची वर्दी सगळ्या इमारतीला चंद्रिकाच देते. तिनं गॅलरीत जाऊन ती दिली आणि आम्ही सगळे बादल्यांकडं पळालो.

त्या रात्री मला झोप आली नाही. चहा की कॉफी विचारलं तर मी 'जे झालंय ते' म्हणणारा माणूस. आता एका मुलीचा आवाज ठेवायचा की बंद करायचा, हे माझ्यावर. आणि मला ते नाही आवडलं तर? खोटं मला बोलता येत नाही आणि खरं बोलायची सवय नाही.

शिवानीनं मला दोन सूचना दिल्या. पहिली, आवाज फार असतो, म्हणून सुरू झालं की कानात कापूस घाला. कापूस तिनं दुकानातूनच आणून दिला. दुसरी तिनं हसत हसत दिली. "तिथं सगळे काळ्यात येतात, अज्जा. तुम्ही तेवढे पांढऱ्यात आलात तर उठून दिसाल."

उठून दिसणं म्हणजे माझ्या कलेचा अपमान. पण माझ्याकडं काळी वस्तू एकच, छत्री. काळं नेसायचं ते संक्रांतीला, आणि तेही बायकांनी. विचार करता करता मला खालच्या मजल्यावरचे राजशेखर वकील आठवले.

"काळा कोट?" राजशेखर म्हणाले. "अप्पा, या वयात वकिली काढताय काय?"

"एका कार्यक्रमाला जायचंय."

"न्या की. माझा दुसरा कोट शिंप्याकडं आहे, बाही उसवलीय. रविवारी एक बारकं काम होतं माझं, पण ते पुढच्या रविवारी केलं तरी चालतंय. कोटाशिवाय वकिलाला कोण भितं?"

मी तो कोट पांढऱ्या शर्टावर आणि पांढऱ्या पँटवर चढवला, आरशात पाहिलं आणि खूश झालो. अंधारात आपण साखरेसारखे विरघळून जाणार, असं वाटलं. आरशातला माणूस कुणासारखा दिसतो आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पुस्तकातल्या हजारो माणसांची वर्णनं मी वाचली आहेत. स्वतःचं वाचायचं राहून गेलं.

विजापूर रस्त्याच्या एका गल्लीत हिंदुरावांचा बार आहे. खाली परमिट रूम, वर साखरपुड्या-बारशांचा हॉल. रविवारी मुहूर्त नसला की हिंदुराव तो हॉल या पोरांना देतात, पोरं तिकीट लावतात. शिवानी आधीच पुढं गेली होती. मी रिक्षातून उतरलो तेव्हा ऊन नुकतं कललं होतं. खबरदारी म्हणून मी कापूस घरूनच घालून निघालो होतो, त्यामुळं रिक्षावाला वाटेत काय बोलला तेही मला माहीत नाही.

जिन्याच्या तोंडाशी खुद्द हिंदुराव उभे होते. रुंद माणूस, पांढरा सफारी, कपाळाला अष्टगंध. त्यांनी माझा कोट पाहिला आणि दोन्ही हात जोडले. त्यांचे ओठ हलले. मी मान डोलावली. पुन्हा हलले, पुन्हा डोलावली. लाजऱ्या माणसाचा हा जुना उपाय आहे. ऐकू आलं नाही की हो म्हणावं. बहुतेक वेळा लोक "जेवण झालं का" एवढंच विचारत असतात.

त्या दिवशी ते हे विचारत नव्हते. काय विचारत होते ते मला नंतर मोईननं सांगितलं. मोईन तिथं साऊंड सांभाळतो आणि तेव्हा तो शेजारीच वायर गुंडाळत होता.

"सायेब, तुमी मागच्या सोसायटीकडनं आला न्हवं?"

मी मान डोलावली.

"आमचा आवाज किती हाय ते बघायला?"

मी मान डोलावली.

"लई झाला तर नोटीस देनार?"

मी मान डोलावली, आणि मोईन म्हणतो, वरून गोड हसलो.

झालं होतं असं, की हॉलच्या मागं एक सोसायटी आहे आणि तिथल्या लोकांनी हिंदुरावांना निरोप पाठवला होता: रविवारी आमचा वकील येईल, स्वतःच्या कानांनी ऐकेल, मग बघू. आणि रविवारी संध्याकाळी काळ्या कोटातला एक म्हातारा जिना चढून आला होता. बोलत नाही, नुसती मान हलवतो. हिंदुरावांनी आयुष्यात बोलणारे वकील पुष्कळ पाहिले होते. न बोलणारा पाहून त्यांना घाम फुटला.

मी मागच्या कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची हेरली होती. हिंदुरावांनी मला हाताला धरून थेट पुढं नेलं. तिथं स्टेजसमोर साखरपुड्यातल्या नवरा-नवरीच्या दोन महाराजा खुर्च्या होत्या, लाल मखमलीच्या, हातांवर सिंहांची तोंडं. एकीवर मला बसवलं. नवरीच्या खुर्चीवर मी छत्री ठेवली. समोर लिंबूसोडा आला, मसाला पापड आला, ताटलीत शेंगाचटणी आली. मागं वळून पाहिलं तर साठ-सत्तर पोरं-पोरी काळे टी-शर्ट घालून माझ्याकडं बघत होती. टी-शर्टांवर कवट्या आणि बाभळीच्या फांद्यांचा ढीग टाकावा तशी अक्षरं. वाचक जातीचा माणूस, म्हणून मी ती वाचायचा प्रयत्न केला. एकही लागलं नाही. माझ्याकडं बघणाऱ्यांनाही मी लागत नव्हतो, एवढं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

स्टेजवर अजून परवाच्या कुठल्या तरी समारंभाचे थर्माकोलचे मोर होते. त्या दोन मोरांच्या मधे 'कडक भाकरी' उभी राहिली: दोन गिटारवाले, एक ढोलांच्या ढिगामागं लपलेला मुलगा, आणि मधे माझी शिवानी. तिनं मला नवरदेवाच्या खुर्चीत पाहिलं आणि तिला हसू आलं. मग तिनं डोळे मिटले, आणि सुरू झालं.

माझ्या कानात कापूस आहे, हे त्या आवाजाला कुणी सांगितलं नव्हतं. पहिला ठोका कानात नव्हे, छातीत बसला. सोड्याच्या ग्लासातला चमचा आपण होऊन वाजू लागला. खुर्चीचे सिंह थरथरले. आणि माझं बोट ओठांवर गेलं.

या बोटाबद्दल सांगायला हवं. ग्रंथालयात मी कधी कुणाला 'गप्प बसा' म्हटलं नाही. तेवढा धीरच नव्हता. आवाज झाला की उजव्या हाताची तर्जनी ओठांवर न्यायची, एवढंच. वर्षानुवर्षं असं केल्यावर ते बोट माझं राहिलं नाही. घरात ताट पडलं तरी ते जातं. शेजारचा मिक्सर लागला तरी जातं. आमच्या वरातीत बँडवाल्यांसमोरसुद्धा गेलं होतं, अशी आठवण आमची ही अखेरपर्यंत सांगायची.

ते बोट त्या संध्याकाळी दोघांनी पाहिलं. हिंदुरावांनी पाहिलं आणि ते मोईनकडं धावले. आणि शिवानीनं पाहिलं.

आवाज कमी झाला. मला हायसं वाटलं, हे कबूल करतो. पण पुढच्या गाण्याला ढोल पुन्हा कडाडला, बोट पुन्हा गेलं, हिंदुराव पुन्हा धावले. तिसऱ्या गाण्याला मी उजवा हात मांडीखाली दाबून बसलो, तर डावं बोट गेलं. ते असं करू शकतं हे मलाही माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं स्टेजवर जे चाललं होतं ते म्हणजे आवाज बंद केलेल्या टीव्हीवरचं भांडण. पोरं गिटारवर तुटून पडत होती आणि ऐकू येत होता डास. उड्या मारायला आलेली मंडळी उभ्यानं कंटाळली, मग बसली. एकानं जेवणाचं कार्ड मागवलं. पापड मोडल्याचा आवाज मला कापसातूनही आला.

शिवानी माझ्याकडं बघायची थांबली होती. मघाशी तिचा आवाज मोईन कमी करत होता. आता तो ती स्वतःच कमी करत होती. ते मला कळलं, कारण तसा आवाज मी ओळखतो. उत्तर येत असूनही वर्गात हात वर न करणाऱ्या मुलाचा तो आवाज आहे, आणि तो मुलगा मी होतो. मोईननं कमी केलेलं बटण फिरवून पुन्हा वाढवता येतं. हे वाढवायला बटण नव्हतं. मी निकाल देऊन टाकला आहे, असं तिला वाटलं होतं. अज्जा म्हणतील ते शेवटचं, आणि अज्जांनी बोटानं म्हटलं होतं.

मी उठलो. माझ्यासारखा माणूस पहिल्या रांगेतून मधेच उठतो, यावरून काय ते समजा. कानातला कापूस काढला आणि मोईनकडं निघालो. "आवाज वाढवा" एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते मी वाटेत तीनदा मनात म्हणून पाहिले. पण हिंदुराव आडवे आले.

"सायेब, तुमी कशाला उटला? बसा की. आनकी कमी करतो."

"नाही, ते..."

"मोईन, आनकी कमी कर रं."

"भाई, अजून कमी काय करू?" मोईन म्हणाला. "पंखा जास्त वाजतोय. पंखा बंद करू का?"

"कर. पंखा बंद कर."

पंखा बंद झाला. मी घामाघूम होऊन पुन्हा मखमलीत बसलो. दोन शब्द तसेच तोंडात राहिले.

आता हिंदुरावांना वाटलं, वकिलाचा राग अजून गेलेला नाही. आणि आपल्याकडं रागावलेल्या माणसावर एकच उपाय आहे, तो म्हणजे त्याचा सत्कार करायचा. ते गाणं अर्धं तोडून स्टेजवर चढले आणि शिवानीच्या हातातला माइक घेतला.

"थांबा रं पोरांनो. आज आपल्या हॉलला लई मोटे विधिज्ञ लाभले हायत. त्यांचा आपन चादर, टोपी, हार आन श्रीफळ देऊन सत्कार करनार हाय. सायेब, वर या."

दोघांनी मला वर नेलं. कोटावर सोलापुरी चादर आली, डोक्यावर टोपी आली, हातात नारळ. मग हिंदुरावांनी गळ्यात हार घातला. लग्नातला सोडला तर आयुष्यातला पहिला हार माझ्या गळ्यात पडला, आणि तोही दुसऱ्याच्या नावाचा.

"आता सायेब दोन शब्द बोलतील," असं म्हणून त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

शिवानी माझ्या शेजारीच होती. ती माझ्या कानाशी आली आणि तिच्या औषधाच्या दुकानातल्या आवाजात म्हणाली, "अज्जा, नसेल आवडलं तर राहू दे. आईला सांगा. मी सोडते. इथं फक्त बोलू नका हो."

मी समोर पाहिलं. सगळा हॉल शांत. आयुष्यभर अशा शांततेसाठी मी बोट वर केलं होतं आणि ती कधी पुरती मिळाली नव्हती. आज मिळाली, आणि नकोशी झाली.

"मी वकील नाही," मी म्हणालो.

हिंदुरावांचं तोंड उघडं राहिलं.

"कोट उसना आहे. मी हिचा अज्जा. ग्रंथालयात होतो. आवाज झाला की हे बोट असं वर जातं, त्याला माझी परवानगी लागत नाही. त्याच्याकडं कुणी लक्ष देऊ नका. मला इथं ठरवायला पाठवलंय, हिचं ओरडणं चांगलं की वाईट. पण मी अजून ते ऐकलेलंच नाही. तुम्हीही नाही. म्हणून म्हणतो," आणि इथं ते मघाचे दोन शब्द, इतका वेळ दाबून धरलेले, एकदम सुटले, "आवाज वाढवा!"

माइक तोंडाला चिकटलेला आहे, हे मी विसरलो होतो. भोंग्यातून 'कूंऽऽ' अशी किंकाळी निघाली, भिंतींवर आपटून परत आली. इतका मोठा आवाज मी जन्मात काढला नव्हता. त्या आवाजानं दचकून माझंच बोट माझ्या ओठांवर गेलं.

मग पुढच्या एका मुलीनं तसंच बोट आपल्या ओठांवर ठेवलं. तिच्या शेजारच्यानं ठेवलं. बघता बघता साठ-सत्तर बोटं ओठांवर, आणि मग सगळे मिळून जे ओरडले, त्यानं मोराचा तुरा खाली पडला.

"म्हंजे नोटीस न्हाय?" हिंदुरावांनी विचारलं.

"नाही."

"मग सोसायटीचा वकील कुटं हाय?"

"मला काय ठाऊक?"

"आन मी तुमाला लिंबूसोडा पाजला. वर चादर दिली की हो." ते खरंच दुखावले होते. "पन सोसायटीला तरास हुतोय ह्ये तर खरं हाय. आवाज कसा वाढवू?"

मार्ग मोईननं काढला. "भाई, सत्काराच्या चादरी किती पडल्यात आत? लावा की मागच्या खिडक्यांना."

हिंदुरावांच्या आतल्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या मान्यवरांसाठी चादरींची चळत होती. ती पोरांनी बाहेर काढली आणि मागच्या खिडक्यांवर दुहेरी ठोकली. शेवटची खिडकी उरली तेव्हा मी माझ्या अंगावरची काढून दिली. सोलापूरची चादर थंडी अडवते, हे सगळ्यांना माहीत आहे. ती मेटलही अडवते. मोईन बाहेर जाऊन गल्लीत उभा राहून ऐकून आला आणि त्यानं अंगठा दाखवला.

मग शिवानीनं माइक घेतला. "हे गाणं आमच्या घरचं आहे," ती म्हणाली आणि ओरडली:

"पाणी आलं काऽऽ?"

"न्हाऽऽय!" सगळा हॉल.

"टाकी भरली काऽऽ?"

"न्हाऽऽय!"

एवढंच गाणं. मधे गिटारचा दगडफोड्या यंत्रासारखा धडधडाट. पोरं एकमेकांवर आदळायला लागली, खांद्यानं, पाठीनं, पाण्याच्या टँकरपुढं गर्दी उसळावी तशी. मला भीती वाटली. एवढ्यात एकाचा चष्मा पडला. त्यानं हात वर केला आणि सगळी झुंड जागच्या जागी थांबली. मोबाइलचे दिवे लागले. दांडगे दांडगे गडी गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. चष्मा सापडला, एकानं तो आपल्या टी-शर्टच्या कवटीवर पुसून त्याच्या नाकावर ठेवला, आणि मग पुन्हा आदळाआदळ. ग्रंथालयात खाली पडलेलं पुस्तक लोक ओलांडून जाताना मी कितीदा पाहिलं आहे. तिथं शांतता मात्र पाळायचे.

मी कधी ओरडायला लागलो ते मला कळलं नाही. जन्मात मी कुणाला नाही म्हटलेलं नाही. सगळ्या 'हो' मागची शिल्लक त्या संध्याकाळी 'न्हाय' होऊन बाहेर पडत होती. आणि बरं वाटत होतं.

शेवटी सगळी वाद्यं थांबली. शिवानीनं पोटापासून श्वास घेतला आणि एकटीनं ओरडली, "पाणी आलंऽऽऽ!" खालून उठलेला, वर चढत जाणारा, आणि शेवटच्या 'लं'ला किंचित फाटणारा तो आवाज. त्या 'लं'ला तिनं मान डावीकडं टाकली, जसं वरच्या मजल्याकडं बघावं.

माझ्या अंगावर काटा आला. हा आवाज मला पाठ होता. बोट ओठांपर्यंत निघालं होतं, ते अर्ध्या वाटेतच थांबलं.

घरी आलो तेव्हा चंद्रिका दारातच होती. मी बोलायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. आवाज पूर्ण बसला होता. "सकाळी बोला," ती म्हणाली. पण माझा चेहरा पाहून तिनं काही तरी ठरवलं असावं, कारण रात्री तिनं शिवानीला जास्तीचं तूप वाढलं.

सकाळी चहाला आम्ही तिघं बसलो. शिवानी कामावर निघायची होती, पर्स खांद्याला, पण बसून होती.

"बोला मामा," चंद्रिका म्हणाली. "काय ते एकदाच सांगून टाका."

मी घसा खाकरला. हवा. पुन्हा प्रयत्न केला. हवा आणि एक शिट्टी.

"इतकं वाईट होतं?" चंद्रिकेचे डोळे भरून आले. "बघ, अज्जांना सांगवतसुद्धा नाही. तुला मी आधीच..."

तेवढ्यात मोरीतल्या नळानं घशात गुळणी केली.

चंद्रिका उठली. पदर खोचला, गॅलरीत गेली, कठडा धरला, पोटापासून श्वास घेतला आणि मान डावीकडं, वरच्या मजल्याकडं टाकून ओरडली:

"पाणी आलंऽऽऽ!"

इमारतीत धडाधड दारं उघडली. वर बादल्या वाजल्या. ती वळली, तर आम्ही दोघं बादल्या सोडून तिच्याकडंच बघत बसलेलो.

"काय झालं? उठा की. काय बघताय असं?"

मी बोटानं तिच्याकडं दाखवलं. मग शिवानीकडं. मग पुन्हा तिच्याकडं. तिला कळायला थोडा वेळ लागला. नळ तसाच वाहत होता, आणि आमच्या घरात वाहता नळ सोडून कुणी उभं राहिल्याचं ते पहिलंच उदाहरण.

"माझ्यासारखं ओरडते ही?"

मी मान डोलावली. या खेपेला प्रश्न नीट ऐकून.

"आणि ते लोक तिकीट काढून ऐकतात?"

"हो आई," शिवानी म्हणाली.

चंद्रिकेनं नळाखाली बादली सरकवली. मग पाठमोरीच म्हणाली, "मी इतकी वर्षं फुकट ओरडतेय." आणि थोड्या वेळानं, "शेवटाला घसा फाटतो का तुझा? माझाही फाटतो. आधी कोमट पाणी प्यावं." माइकचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. पुढच्या वेळी जायचं तर बायका काय नेसून येतात तिथं, एवढं तिनं मला एकटं गाठून विचारलं.

दुपारी मी कोट द्यायला खाली गेलो. आवाज अजून आलेला नव्हता, म्हणून मी कोट नुसता पुढं केला.

"बरं झालं आणलात," राजशेखर वकील म्हणाले. "ते कालचं काम तसंच राहिलंय बघा. विजापूर रस्त्याला एक सोसायटी आहे, तिला लागून कुठला तरी बार आहे. पोरं तिथं ओरडतात म्हणे. जाऊन ऐकून नोटीस द्यायचीय. आता कोट आला, येत्या रविवारी जातो."

मी पुढं केलेला हात मागं घेतला. कोटावर सोड्याचा डाग पडलाय, धुवून देतो, असं खुणेनं सांगितलं आणि जिना चढलो.

या गोष्टीला आता दोन महिने होतील. शिंप्याकडचा त्यांचा दुसरा कोट अजून आलेला नाही, आणि हा धोब्याकडं आहे, असं ते जिन्यात भेटले की मी त्यांना सांगतो. तो माझ्या कपाटात पुस्तकांच्या मागं आहे. मला खोटं बोलता येत नाही, असं मी वर कुठं तरी म्हटलं आहे. ते वाक्य तुम्ही खोडून वाचा.